ट्यूबाच्या मुखाची घडण

पाश्चात्य वाद्यवृंदांतील सर्वांत खालचा पितळी स्वर ट्यूबा या अजस्र वाद्यांतून निघतो. पाहणाऱ्याची दृष्टि त्याच्या वेटोळ्यांवर खिळते. वादकाचें लक्ष मात्र दुसऱ्या टोंकाच्या, मुठींत मावेल एवढ्या धातूच्या वाटीकडे असतें. हिलाच माउथपीस म्हणतात. स्वराचा जन्म होतो तो येथें, ओठांच्या कंपनांत. म्हणून ट्यूबाचा इतिहास हा कांहीं अंशीं या वाटीचाहि इतिहास होय.

ट्यूबाच्या पूर्वीं खर्जाचें काम सर्पेंट हें नागमोडी लांकडी वाद्य व पुढें फ्रान्समध्यें निघालेलें ऑफिक्लाइड करीत असे. सर्पेंटची वाटी बहुधा हस्तिदंताची असे. १२ सप्टेंबर १८३५ रोजीं प्रशियांतील लष्करी बँडचा धुरीण व्हिल्हेल्म व्हीप्रेख्त आणि बर्लिनचा कारागीर योहान गॉटफ्रीड मॉरित्स यांना पांच झडपांच्या बास ट्यूबाचें पेटंट मिळालें. पुढें हें वाद्य निरनिराळ्या देशांत लहानमोठ्या आकारांत घडूं लागलें, आणि एकाच मापाची वाटी सर्वांना पुरेना.

या वाटीचीं अंगें चार. ओठ टेकतात ती कड. तिच्या आंतील पोकळी. पोकळीच्या तळाशीं सुमारें ८ मिलिमीटर व्यासाचा गळा. आणि त्यापुढें वाद्यांत बसणारी निमुळती नळी. कड रुंद असेल तर ओठांवरील दाब विभागून ते उशिरां थकतात. आंतली धार तीक्ष्ण असेल तर स्वराचा उठाव नेमका होतो, परंतु स्वरास्वरांतून सहज सरकणें कठीण पडतें. पोकळी खोल व नरसाळ्यासारखी असेल तर नाद भारदस्त व गडद होतो. उथळ असेल तर तो स्पष्ट व चकचकीत निघतो. एक गुण वाढविला कीं दुसऱ्यांत कांहीं घटतें. वाटी निवडणें म्हणजे हा व्यवहार समजून करणें होय.

याचें प्रसिद्ध उदाहरण ऑगस्ट हेलेबर्ग याचें. मूळचा डेन्मार्कचा हा वादक अमेरिकेंत सूसाच्या बँडमध्यें आणि न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदांत गाजला. एल्खार्ट येथील कॉन कंपनीनें त्याच्या नांवाची खोल, नरसाळ्याच्या आकाराची वाटी बाजारांत आणली, आणि ती आजहि वापरांत आहे. नाद भरघोस, तरीहि खर्ज धूसर होऊं नये, हें तिच्या घडणीचें इंगित.

पण विकत घेतलेल्या वाटीनें समाधान न झालें तर? तेव्हां कारागीर लेथवर ती कांततो. सर्वांत मोहक फेरफार गळा रुंद करण्याचा. त्यानें श्वासाला वाट मोकळी होते व जोराचा खर्ज भरदार वाटतो. परंतु गळा फाजील मोठा झाला कीं मंद स्वर डळमळतो, वरच्या स्वरांचा नेम चुकतो आणि श्वास लवकर संपतो. शिवाय कांढून टाकलेला धातु परत बसवितां येत नाहीं. म्हणून जाणता वादक आधीं नळीचा दांडा वाद्यांत नीट बसतो कीं नाहीं हें पाहतो. कारण तो सैल वा आखूड बसला तर उत्तम वाटीहि फसते. मग तो एका वेळीं एकच बदल करवितो, आणि शक्य तर कड निराळी फिरवून बसविण्याजोगी वाटी घेतो, म्हणजे कड तीच ठेवून पोकळी बदलतां येते.

शिकागोच्या वाद्यवृंदांत १९४४ ते १९८८ पर्यंत ट्यूबा वाजविणारा आर्नोल्ड जेकब्ज शिष्यांना नुसत्या वाटीवर गीतें वाजवावयास लावी. त्याच्या शिकवणींत मनांत ऐकूं येणाऱ्या नादाला अग्रस्थान होतें. कारागीर धातु घडवितो. त्यांतून कोणता स्वर निघावा हें वादकाच्या कानानें आधींच ठरविलेलें असावें लागतें. हा कान तयार नसेल तर कितीहि वाट्या बदलल्या तरी खर्जाला गांभीर्य येत नाहीं.