संग्रहालयातले मातीचे घर

मंडळी, संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांपुढे येते. पण अख्खे घर कपाटात मावायचे कसे? स्वीडनच्या आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली यावर तोड काढली. खेड्यापाड्यांतली जुनी घरे उतरवून त्यांनी ती स्टॉकहोमच्या ‘स्कान्सेन’ या उघड्या संग्रहालयात पुन्हा उभी केली.

आपल्याकडे भोपाळला इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. १९७७ साली स्थापन झालेली ही संस्था आता शामला टेकडीवर सुमारे २०० एकरांत पसरली आहे. तिथली आदिवासी घरे त्या त्या जमातीच्या माणसांनीच येऊन, आपल्या रीतीने बांधली.

तुम्ही म्हणाल, माती-बांबूच्या घरात शिकायचे काय? पाहा, जाड भिंत दुपारचे ऊन आत लवकर येऊ देत नाही. पुढे ओढलेले छप्पर तीच भिंत पावसापासून राखते. घर पडले तर माती मातीला मिळते. मात्र लिंपण आणि शाकारणी वेळच्या वेळी व्हायलाच हवी. म्हणून घर जपायचे तर आधी ती करणारे हात जपावे लागतात.

गुरुजी, तुमच्या गावात मातीची भिंत घालणारा एखादा म्हातारा गवंडी असेल. त्याला एकदा शाळेत बोलवा, मुलांना चिखल तुडवू द्या. पडलेली भिंत पुन्हा घालता येईल. पण ती घालणाराच उरला नाही, तर मुलांनी विचारायचे कुणाला?