फ्लाइट सिम्युलेटरमधील ऐतिहासिक प्रायोगिक विमाने आणि पुराव्याचा प्रश्न : मावळच्या भूभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

विमानविद्येच्या इतिहासात १८९० चे दशक हे प्रयोगांचे दशक होय. जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल हे टेकड्यांवरून ग्लायडरची उड्डाणे करीत होते. त्याच काळात मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ हे यंत्र उडविल्याचे महाराष्ट्रात सांगितले जाते. अशी विमाने आज संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उडविता येतात. २००३ साली बाजारात आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २००४’ मध्ये राइट बंधूंचे विमान समाविष्ट होते. इतिहासाच्या अध्यापनात या साधनाचा उपयोग कितपत करता येईल व त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. त्यासाठी मावळचा भूभाग निवडण्याचे कारण असे की, कामशेत परिसरातील टेकड्यांवरून पावसाळा वगळता पॅराग्लायडिंग चालते. उतारावर आदळून वर वळणारा वारा हाच त्याचा एक प्रमुख आधार असून लिलिएन्थाल यांच्या प्रयोगांतही टेकडीचा उतार आणि समोरचा वारा यांनाच महत्त्व होते.

सिम्युलेटरची गरज

सिम्युलेटरमध्ये विमान समाविष्ट करणे म्हणजे केवळ त्याचे चित्र उभे करणे नव्हे. काही प्रणाली विमानावरील बलांची कोष्टके वापरतात, तर ‘एक्स-प्लेन’सारखी प्रणाली पंखाचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येक भागावरील बल मोजते. दोन्ही पद्धतींना पंखांचा विस्तार व क्षेत्रफळ, वजन, गुरुत्वमध्य आणि इंजिनाची शक्ती ही माहिती अनिवार्य असते. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाबाबत ती उपलब्ध आहे : पंखविस्तार सुमारे १२.३ मीटर, क्षेत्रफळ ४७.४ चौरस मीटर, रिकामे वजन सुमारे २७४ किलो आणि इंजिन सुमारे १२ अश्वशक्तीचे. हे विमान मुळातच अस्थिर होते. म्हणून पडद्यावर ते सहज उडू लागले, तर प्रतिरूपात काहीतरी चुकले आहे असेच समजले पाहिजे. १७ डिसेंबर २००३ रोजी, शताब्दीदिनी, किटी हॉक येथे त्याची काळजीपूर्वक बनविलेली प्रतिकृतीही पुरेशा वाऱ्याअभावी उडू शकली नाही.

मावळातील लिलिएन्थाल

लिलिएन्थाल यांच्या १८९४ च्या ग्लायडरचे पंख सुमारे १३ चौरस मीटरचे व वजन सुमारे २० किलो होते. मोजमापे, छायाचित्रे आणि अस्सल नमुने टिकून राहिल्याने त्याची प्रतिकृती बनवून वायुबोगद्यात तपासणे पुढे शक्य झाले. हे ग्लायडर मावळात आणल्यास काय घडेल, याचे गणित मांडता येते. चालकासह एकूण वजन १०० किलो आणि उद्धरण गुणांक १ मानल्यास समुद्रसपाटीवर तरंगण्यासाठी हवेच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ११.१ मीटर वेग लागतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंचीवर आहे. तेथे प्रमाण वातावरणात हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी असल्याने हा वेग सुमारे ११.४ मीटर होतो. येथे चालकाचे वजन व गुणांक ही गृहीतके आहेत, तर पंखांचे क्षेत्रफळ हे ऐतिहासिक साधन आहे. हा भेद विद्यार्थ्यांस दाखविता येणे हेच या अभ्यासाचे मोल होय.

‘मरुत्सखा’चा प्रश्न

१८९५ साली गिरगाव चौपाटीवर हे मानवरहित यंत्र सुमारे १५०० फूट उंच गेले, असे सांगितले जाते. परंतु या उड्डाणाचा निर्विवाद समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. यंत्राचे क्षेत्रफळ, वजन व शक्ती यांची विश्वसनीय नोंदही नाही. ही उणीव ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाने भरून काढण्याचा प्रयत्न होतो. तथापि, सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात सांगितला, म्हणजेच त्याची उपलब्ध संहिता १८९५ नंतरची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केलेल्या चिकित्सेत हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसल्याचा आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ असल्याचा निष्कर्ष काढला. अशा स्थितीत प्रतिरूप घडविणाऱ्यास प्रत्येक आकडा स्वतःच ठरवावा लागेल. मग पडद्यावर जे उडेल ते तळपदे यांचे यंत्र नसून त्या घडविणाऱ्याची कल्पना असेल.

निष्कर्ष

सिम्युलेटर हा पुरावा निर्माण करीत नाही. उपलब्ध पुरावा किती आहे एवढेच तो दाखवितो. कागदावरील दाव्यातील रिकाम्या जागा वाचकाच्या नजरेतून सुटू शकतात, पण संगणक त्या जागी आकडा मागतो. म्हणून अशा प्रत्येक प्रतिरूपासोबत मोजलेले, अनुमानित आणि कल्पित अशी तीन प्रकारची माहिती स्वतंत्रपणे नोंदविली जावी. एरवी मावळच्या डोंगरावरून पडद्यावर झेपावणारे ‘मरुत्सखा’ पाहून विद्यार्थी त्यालाच इतिहास मानण्याचा धोका आहे. विमानविद्येचा ध्यास घेतलेल्या तळपदे यांच्याविषयीचा आदर या चिकित्सेने उणावत नाही. उलट, सिद्ध न झालेल्या उड्डाणाचे ओझे त्यांच्या नावावरून उतरविले, तरच त्यांच्या प्रत्यक्ष कार्याचा शोध नव्याने सुरू होऊ शकेल.