माळ्याची काच आणि टिनाचे नरसाळे

भाजीच्या छायाचित्रांचा इतिहास लिहिताना दोन नावे शेजारी शेजारी घेण्याची रीत पडून गेली आहे. पहिले चार्ल्स जोन्स या इंग्रज माळ्याचे, दुसरे एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचे. जोन्सने १९०० च्या आगेमागे सलगम, कांदे, शेंगा, कोबी यांची चित्रे घेतली. वेस्टनने १९३० च्या ऑगस्टमध्ये एका ढोबळ्या मिरचीचे चित्र घेतले, ते 'पेपर नंबर ३०' या नावाने जगभर गेले. दोघांच्याही चित्रांत भाजी एकटी आहे, जवळून पाहिलेली आहे आणि तिच्यामागे काहीच नाही. एवढ्या साम्यावरून जोन्सला वेस्टनचा अजाण पूर्वसूरी ठरवले जाते. त्याचा गौरव करण्याच्या हेतूनेच हे होते. तरी मला हे मत पटत नाही. या गौरवात जोन्सचे जे खरे काम होते तेच हरवते, असे मला वाटते, आणि याचा पुरावा त्या चित्रांतल्या प्रकाशातच आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. युरोपीय चित्रकलेच्या उतरंडीत वस्तुचित्राची पायरी सर्वांत खालची. फ्रेंच अकादमीने सतराव्या शतकात ही उतरंड शब्दांत बांधली: इतिहास-पुराणातले प्रसंग वर, मग व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे आणि तळाशी फळे-फुले-भांडी. पण त्याआधीच, १६०२ च्या सुमारास, स्पेनमधल्या तोलेदो येथे हुआन सांचेझ कोतान याने एक विलक्षण चित्र केले होते. खिडकीसारखी दगडी चौकट, तीत दोरीला टांगलेले बिहीचे फळ आणि कोबीचा गड्डा, खाली कठड्यावर कापलेले खरबूज आणि काकडी. प्रकाश एका बाजूने येतो, पाठीमागे मिट्ट काळोख. भाजी टांगून ठेवणे ही तिथल्या साठवणीची रीत होती. आपल्याकडे कांद्या-लसणाच्या माळा आढ्याला असत, त्यातलाच हा प्रकार. कोतानने ती रीत घेतली आणि मागचे स्वयंपाकघर पुसून टाकले. १६०३ मध्ये तो कार्थुसियन मठात गेला. हे चित्र आज अमेरिकेत सॅन दिएगोच्या संग्रहालयात आहे. मागे अंधार, बाजूने उजेड आणि मध्ये कोबी, ही मांडणी छायाचित्रणाच्या सव्वादोनशे वर्षे आधी तयार होती.

कॅमेरा आल्यावर मात्र पहिला मान मिळाला तो फळांना. टॉलबटच्या 'द पेन्सिल ऑफ नेचर' या छायाचित्रांच्या ग्रंथाचे भाग १८४४ ते १८४६ या काळात निघाले. त्यातल्या चोवीस चित्रांपैकी शेवटचे चित्र फळांनी भरलेल्या टोपल्यांचे आहे, आणि त्यात अननसही आहे. १८६० मध्ये रॉजर फेन्टनने द्राक्षे, अननस, फुले आणि उंची वस्तू यांची अशीच श्रीमंती मांडणी केली. विलायतेत तेव्हा अननस काचघरात वाढवावा लागे, म्हणून तो प्रतिष्ठेचा. सलगमाला कोण विचारतो? भाजी ही मुदपाकखान्यातली गोष्ट, दिवाणखान्यातली नव्हे.

यात एक तांत्रिक अडचणही होती. त्या काळची रसायने निळा-जांभळा प्रकाश चटकन टिपत, तांबड्याला जवळजवळ आंधळी असत आणि हिरवा रंग काळपट उतरवत. पिकलेला टोमॅटो काळा, पालक त्याहून थोडा उजळ, असा हा कारभार. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्ये मिसळून काचेची नजर हिरव्यापर्यंत वाढवता येते हे दाखवले. तांबड्यासकट सगळे रंग टिपणाऱ्या काचा इंग्लंडच्या बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. तोवर भाजीचे छायाचित्र घेणाऱ्याला रंगाचा आधार नव्हता. आकार आणि साल, एवढ्याच दोन गोष्टींवर सारे उभे करायचे होते.

जोन्स याच काळातला. जन्म १८६६, वुल्व्हरहॅम्प्टनचा. इंग्लंडमधल्या खासगी इस्टेटींवर त्याने माळीकाम केले, त्यांत ससेक्समधले ओट हॉल महत्त्वाचे. १९०५ मध्ये 'गार्डनर्स क्रॉनिकल' या बागकामाच्या प्रतिष्ठित पत्राने तिथल्या त्याच्या कामाची वाखाणणी केली, ती माळी म्हणून. १९५९ मध्ये तो वारला तेव्हा छायाचित्रकार म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हते. १९८१ मध्ये लंडनच्या बर्मंडसी बाजारात शॉन सेक्स्टन या संग्राहकाला जुन्या सामानात शेकडो प्रिंट सापडले आणि जोन्स पुन्हा उजेडात आला. १९९८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. निगेटिव्ह मात्र हाती लागले नाहीत.

या चित्रांकडे पाहताना मला पहिल्यांदा जाणवली ती त्यांची शिस्त. भाजी स्वच्छ धुतलेली, एकसारख्या आकाराची निवडलेली, बहुधा समोरून पाहिलेली. मागे साधा पडदा, कधी फिकट, कधी गडद. उजेड मऊ आणि सर्वदूर पसरलेला, त्यामुळे सालीवरची प्रत्येक शीर, मुळाचा प्रत्येक तंतू मोजता यावा. सावली आहे, पण ती काही लपवत नाही. आणि प्रिंटच्या मागे भाजीचे नाव वाणासकट लिहिलेले: 'ब्रोकोली लेमिंग्टन', 'टर्निप ग्रीन ग्लोब'. नुसते सलगम नव्हे, अमुक वाणाचे सलगम. आपल्या मंडईतही जाणता गिऱ्हाईक नुसती 'वांगी' मागत नाही. भरताचे की भरल्या वांग्याचे, काटेरी की बिनकाट्याचे, हे त्याला सांगावे लागते. जोन्सची नजर ही त्या जाणत्याची नजर आहे. ही मांडणी कलादालनातून आलेली नसून भाजीपाल्याच्या प्रदर्शनांतून आणि बियाण्यांच्या सूचिपत्रांतून आली असावी, असे माझे मत आहे. प्रदर्शनातला परीक्षक जे पाहतो, म्हणजे सारखेपणा, निकोपपणा आणि वाणाची लक्षणे, तेच या उजेडात दिसते.

वेस्टनची वाट याच्या नेमकी उलटी. १९२९ च्या आरंभी तो कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी राहायला आला. शंख-शिंपल्यांची चित्रे त्याने आधीच घेतली होती, आता मिरच्या, वांगी, कोबी, कांदे आले. १९३० च्या उन्हाळ्यात त्याची सहकारी सोन्या नोस्कोविआक हिने मिरच्या आणल्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याने काही दिवसांत तीसएक निगेटिव्ह केले. कधी पांढरा पुठ्ठा मागे ठेवला, कधी कापड, पण मन भरेना. मग त्याने मिरची टिनाच्या नरसाळ्याच्या तोंडाशी ठेवून पाहिली. 'नंबर ३०' हे त्या नरसाळ्यातले चित्र.

नरसाळ्याने नेमके काय साधले, हे वर्णने वाचून मला पुरते उमगत नव्हते. म्हणून मी ते करून पाहिले. रॉकेलच्या दिवसांतले एक टिनाचे नरसाळे घरात होते, मंडईतून वेडीवाकडी ढोबळी मिरची निवडून आणली आणि उत्तरेच्या खिडकीशी नरसाळे आडवे मांडले. मिरची टेबलावर ठेवली की मागे टेबल आणि भिंत यांची सांधरेघ दिसते. ती रेघ नजरेला सांगत राहते की ही स्वयंपाकघरातली वस्तू आहे. नरसाळ्यात ती रेघच नाही. खिडकीचा उजेड टिनाच्या वाकड्या भिंतीवरून परतून मिरचीच्या कडांवर आणि पोटाखाली पोचतो. नळीकडे तो हळूहळू विरत काळोख होतो. टेबल, पडदा आणि परावर्तक ही तिन्ही कामे एका वस्तूने होतात. मिरचीच्या तुकतुकीत सालीवर उमटणारी चकाकी म्हणजे खरे तर खिडकीचेच प्रतिबिंब. खिडकीवर पातळ धोतर बांधले की ती चकाकी पसरते आणि मऊ होते. काळे वांगे ठेवून पाहिले तर ते याहून वस्ताद. त्याच्या सालीत खिडकी, माझा सदरा, कॅमेरा, सारे दिसत होते.

आणखी एक गोष्ट हाताने केल्यावर कळली. एवढ्या जवळून चित्र घ्यायचे तर भिंग पुढे सरकवावे लागते आणि उजेड घटतो. वस्तू जेवढी तेवढीच प्रतिमा हवी असेल तर तो चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय मिरचीचे नाक आणि पाठ दोन्ही रेखीव हवीत म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक ठेवायचे. वेस्टनच्या आठ बाय दहा इंची कॅमेऱ्यात एक्स्पोजर फार लांबत असे, आणि तेवढा वेळ मिरचीने जागचे हलायचे नाही, सुकायचेही नाही. वस्तुचित्र म्हटले की वस्तू स्थिर असे आपण धरून चालतो. ग्रेडच्या परीक्षेत तांब्या, वांगी आणि पडदा तीन तास एका जागी बसलेले आपण पाहिले आहेत. पण ताजी भाजी स्थिर नसते. ती सतत पाणी सोडत असते, आणि मंद उजेड हवा तर या सुकण्याशी शर्यत करावी लागते.

तर फरक इथे आहे. वेस्टनच्या उजेडात मिरची ओळखीची राहत नाही. ती पाठमोऱ्या देहासारखी, कधी वळलेल्या मुठीसारखी वाटते, आणि हे आपल्याला ती मिरची आहे हे माहीत असूनही होते. वाण कोणता, कोणी पिकवली, हे प्रश्न त्या काळोखात गळून पडतात, आणि त्याच्या दृष्टीने ते गळणे हेच यश होते. जोन्सचा उजेड नाव सांगण्यासाठी आहे, वेस्टनचा ते विसरायला लावण्यासाठी. मागची मोकळी जागा दोघांनीही ठेवली, पण एकाने ती वाचता यावे म्हणून ठेवली आणि दुसऱ्याने वाचता येऊ नये म्हणून. जोन्सला वेस्टनच्या रांगेत बसवताना आपण प्रिंटची मागची बाजू भिंतीकडे करतो. तिथे लिहिलेले वाणाचे नाव, म्हणजेच एका श्रमिकाचे ज्ञान, दिसेनासे होते. कलावंत म्हणून त्याला मोठे करण्याची ही किंमत मला जास्त वाटते.

दोघांच्या चित्रातल्या भाजीचे आणि सामग्रीचे पुढे काय झाले, हेही नोंदले पाहिजे. वेस्टनच्या रोजनिशीत आहे की चित्र झाल्यावर मिरच्या पानात जात. आपले नमुने आपण खातो, या टोमण्यावर त्याचे उत्तर असे की ते आपल्या अंगी लागतात. जोन्सच्या नातीच्या आठवणीप्रमाणे म्हाताऱ्या आजोबांनी छायाचित्रांच्या काचा बागेत कोवळ्या रोपांना थंडीपासून झाकायला वापरल्या. हे वाचून अभ्यासक हळहळतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते नुकसान आहेच. पण माळ्याच्या हिशेबी ती काच वाया गेलेली नव्हती. तिच्यातून पलीकडे रोपांना ऊन मिळत होते.