ई-सिगारेट आणि तोंडाचे आरोग्य : एक छोटा इतिहास

ई-सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूररहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला. ती बाजारात रुजली नाही. पुढे २००३ च्या सुमारास चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी निकोटिनयुक्त द्रवाचे उपकरण बनवले. बॅटरीवर तापलेली तार द्रवाचे सूक्ष्म तुषार करते. धूर नाही, म्हणून अपाय कमी, असा समज पसरला.

पण हे तुषार आधी तोंडातच जातात. द्रवातील प्रॉपिलीन ग्लायकॉल पाणी शोषते आणि तोंड कोरडे पडते. लाळ घटली की दात किडण्याचा धोका वाढतो. निकोटिनने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे हिरड्यांचा आजार असूनही रक्त कमी येते आणि तो लपून राहतो.

धुराविना तंबाखू आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात मशेरीने दात घासण्याची सवय होती. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली. २०१९ मध्ये ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री आणि जाहिरातही बंद झाली.

तेव्हा कोणतेही नवे साधन पाहताना धूर निघतो का, एवढेच विचारू नका. ते तोंडात काय सोडते, हेही विचारा.