कोल्हापुरी चप्पल : पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात तडे, घरच्या घरी निगा कशी राखावी?

नाव कोल्हापूरचं असलं तरी ही चप्पल दोन राज्यांची आहे. २०१९ साली तिच्या भौगोलिक मानांकनाची घोषणा झाली, ती महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी मिळून. अथणी, निपाणी भागात आजही पायताण हातानं शिवलं जातं. पण घेणारा ते घरी नेतो आणि रबरी चपलेसारखं नळाखाली धुतो. तिथूनच बिघाड सुरू होतो.

मुळात हे कातडं वेगळं. पारंपरिक कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. ऑफिसच्या बुटाचं चामडं बहुतेक वेळा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, ते थोडंफार पाणी सोसतं. सालीत कमावलेलं चामडं मात्र पाणी पितं, फुगतं आणि वाळताना कडक होतं. घाईनं वाळवलं तर तडे जातात. शिवणही चामड्याच्याच वादीची, म्हणून तळ भिजला की शिवण ढिली पडते.

नवी चप्पल चावते ही सगळ्यांचीच तक्रार. त्यावर जुना उपाय एरंडेलाचा. अंगठा, पट्टा आणि कान यांना आतल्या बाजूनं बोटानं हलकं तेल चोळावं, रात्रभर ठेवावं, सकाळी सुक्या फडक्यानं पुसून काढावं. पहिले काही दिवस घरातच तासभर घालून फिरावं. सरळ लग्नाला घालून गेलं तर फोड ठरलेलाच. खोबरेल चालतं, पण तेल कुठलंही असो, फिका रंग गडद होतो, म्हणून आधी कानाच्या मागच्या बाजूला थोडं लावून बघावं. तेलात बुडवून ठेवण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो ऐकू नये. जास्त तेलानं चामडं लुळं पडतं, धूळ चिकटते आणि पायाला डाग लागतात. रोजच्या वापरात दीड-दोन महिन्यांतून एकदा तेलाचा हात पुरे.

रोजची सफाई सोपी आहे. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, वेणीच्या खाचांत जुना दातांचा ब्रश फिरवायचा. घामाचे डाग असतील तर घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसायचं, साबण नको. रंगीत पॉलिशही नको, ते घामात सुटून पायाला लागतं.

पावसात भिजलीच, तर सुक्या फडक्यानं पाणी टिपावं. पट्ट्याखाली वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत म्हणजे आकार राहतो. मग चप्पल आडवी, कडेवर उभी करून सावलीत पंख्याच्या वाऱ्याला ठेवावी, तळालाही हवा लागते. कागद ओले झाले की बदलावेत. ऊन, चूल, हेअर ड्रायर यांपासून लांबच. जाड तळाला वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढा धीर धरावा, आणि पूर्ण कडक व्हायच्या आत हलकं तेल द्यावं.

पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर चप्पल घराबाहेर नेऊन सुक्या फडक्यानं झाडावी, घरात झाडली तर बुरशी बाकीच्या चपलांवर जाते. नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फडकं बुडवून, पिळून पुसावं. सावलीत वाळू द्यावी, मग तेल.

बुटांचं थोडक्यात: आधी ब्रश, मग ओलसर फडकं, वाळल्यावर क्रीम पॉलिश. एकच जोड रोज न घालता एक दिवस सुट्टी दिली तर आतला घाम वाळतो.

शिवण उसवली तर खिळा मारून घेऊ नये. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतोच. तो गंजतो, वर येऊन टाचेत रुततो. चर्मकाराकडून वादीनंच शिवून घ्यावी. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्यांनी तळाला रबर लावून घेतलं तर जाणकार नाक मुरडतील, पण झीज कमी होते हे खरं.

बेळगाव, चंदगडकडच्या पावसात ही चप्पल मुळातच काढू नये. जूनच्या आधी स्वच्छ पुसून कापडी पिशवीत ठेवावी. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून वारा द्यावा.