डब्ल्यू आणि झेड कणांची कसोटी

सूर्याच्या गर्भात हायड्रोजनचे हेलियम होण्याची सुरुवात ज्या क्षीण बलामुळे होते, त्याचे वहन डब्ल्यू आणि झेड हे मूलकण करतात. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ प्रयोगशाळेत १९८३ मध्ये त्यांचा शोध लागला. प्रोटॉनच्या तुलनेत डब्ल्यू सुमारे ८६ पट, तर झेड सुमारे ९७ पट जड आहे.

प्रकाशकण विद्युतभाररहित असल्याने परस्परांवर थेट परिणाम करत नाहीत. त्यामुळेच दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांना छेदून सरळ पुढे जातात. बलवाहक डब्ल्यू आणि झेड मात्र आपसांतही आंतरक्रिया करतात, असे ग्लाशो, सलाम आणि वाइनबर्ग यांचा सिद्धांत सांगतो.

त्याची पहिली मोठी परीक्षा सर्नच्या ‘लेप’ या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात झाली. तेथे १९९६ पासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून डब्ल्यूच्या जोड्या निर्माण करण्यात आल्या. ही आंतरक्रिया नसती, तर ऊर्जेबरोबर जोड्यांचे प्रमाण सिद्धांताच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वाढले असते. तसे घडले नाही. ‘लेप’वरील ‘एल-३’ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता.

खरा पेच होता तो दोन डब्ल्यू एकमेकांवर आदळण्याचा. हिग्ज कण गृहीत न धरल्यास, सुमारे एक हजार अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला या घटनेची संभाव्यता शंभर टक्क्यांहून अधिक येते. असे उत्तर अर्थातच निरर्थक! २०१२ मध्ये हिग्ज सापडला. परंतु हा पेच तो एकटा पूर्णपणे सोडवतो का, हे प्रयोगानेच ठरायचे होते.

‘लार्ज हेड्रॉन कोलायडर’मध्ये प्रोटॉन एकमेकांवर आदळताना क्वचित दोन क्वार्क प्रत्येकी एक डब्ल्यू उत्सर्जित करतात आणि ते डब्ल्यू परस्परांवर आदळतात. समान विद्युतभाराचे दोन डब्ल्यू आणि विरुद्ध दिशांना फेकले गेलेले कणांचे दोन झोत, ही या घटनेची खूण. ‘अ‍ॅटलास’ गटाला २०१४ मध्ये तिचा पहिला पुरावा मिळाला. २०१७ मध्ये ‘सीएमएस’ गटाने ती निःसंशय नोंदवली. या गटातही टाटा संस्था सहभागी आहे.

आतापर्यंतची मोजमापे सिद्धांताशी जुळतात. निर्णायक घटना मात्र अतिशय विरळ आहेत. प्रकाशकणाला नसलेले, गतीच्या दिशेतील ध्रुवीकरण वस्तुमानामुळे डब्ल्यूला लाभते. तशा डब्ल्यूंच्या टकरींतच हिग्जची खरी परीक्षा आहे. त्यासाठी कोलायडरमधील टकरींची संख्या वाढविण्याची योजना आहे. त्या मोजमापांत निश्चित तफावत आढळली, तर ती एखाद्या अज्ञात कणाची किंवा बलाची चाहूल ठरेल.