दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं मुक्काम नव्हे! परदेशात मुला-मुलीकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी कोणती तारीख पाहायची?

बोदवड : कापसाची वेचणी आटोपली, दिवाळी झाली की गावागावांतून काही आई-वडील परदेशात मुला-मुलीकडे जायला निघतात. कोणाच्या मुलीचं बाळंतपण असतं, कोणाला नातवाचं तोंड पाहायचं असतं. मृग लागायच्या आत परत यायचं, पेरणीला घरी हजर राहायचं, असा हिशोब ठरलेला असतो. पण तिकडे गेल्यावर मुक्काम वाढतो. "व्हिसा तर दहा वर्षांचा आहे, घाई काय?" असं घरचेच म्हणतात. इथंच घात होतो. परवानगीपेक्षा जास्त दिवस राहिलं तर पुढे कित्येक वर्षं त्या देशाचं दार बंद होऊ शकतं. मे २०२५ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासानेही भारतीयांना याबाबत जाहीर इशारा दिला होता.

दोन तारखा, दोन अर्थ

अमेरिकेचा पर्यटक व्हिसा (बी-१/बी-२) भारतीयांना बहुतेक वेळा १० वर्षांचा मिळतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावरची तारीख म्हणजे त्या दिवसापर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागू शकता, एवढाच तिचा अर्थ. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ही परवानगी साधारण ६ महिन्यांची असते. तिची नोंद 'आय-९४' नावाच्या कागदावर होते. राहण्याची खरी मुदत तीच.

आय-९४ आता ऑनलाइन असतो. बऱ्याच विमानतळांवर पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. त्यामुळे पोहोचल्यावर दोन-चार दिवसांत मुलाने अमेरिकी सीमा विभागाच्या (सीबीपी) सरकारी संकेतस्थळावरून तो काढून प्रिंट घ्यावी. ही सेवा मोफत आहे. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही' आहे का ते पाहावं, कारण पैसे उकळणाऱ्या खासगी साइटही आहेत.

तारीख वाचतानाही जपून. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. तिकडे ०६/०४ म्हणजे ४ जून, ६ एप्रिल नव्हे. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर काही वेळा तेवढ्यापुरतीच परवानगी मिळते. म्हणून जुना पासपोर्ट असेल तर तो आधी इथेच नवा करून घ्यावा.

तारीख उलटली तर काय होतं?

• एक दिवस जरी जास्त झाला तरी तो १० वर्षांचा व्हिसा कायद्याने आपोआप रद्द होतो. पुढच्या वेळी भारतातून नव्याने अर्ज करावा लागतो. अर्जात आधी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, हा प्रश्न असतोच.

• १८० दिवसांपेक्षा जास्त, पण १ वर्षापेक्षा कमी काळ राहून परत आलात तर ३ वर्षं प्रवेशबंदी.

• १ वर्ष किंवा त्याहून जास्त राहून परत आलात तर १० वर्षं प्रवेशबंदी.

हा बंदीचा कायदा १९९६ चा आहे. बंदी लागू होते ती देश सोडल्यावर. त्यामुळे तिथे राहताना काही जाणवत नाही आणि मुंबईला उतरल्यावरही कोणी अडवत नाही. पुन्हा जायची वेळ येते तेव्हा कळतं. ६२ व्या वर्षी १० वर्षांची बंदी लागली तर पुढचा प्रवास ७२ व्या वर्षी. मधल्या काळात तिकडे दुसरं नातवंड झालं, मुलगा आजारी पडला, लेकीवर संकट आलं, तरी फोनवरच बोलायचं.

यातून सुटायला खोटं बोलणं सर्वांत महागात पडतं. अर्जात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कायमची बंदी लागू शकते.

जास्त राहणं गरजेचंच असेल तर

बाळंतपण अवघड झालं, आईला तिकडेच दवाखान्यात ठेवावं लागलं, अशा वेळी सरळ मार्ग आहे. आय-९४ ची तारीख संपण्याआधी 'आय-५३९' हा मुदतवाढीचा अर्ज करायचा. किमान ४५ दिवस आधी करावा, असं तिथला इमिग्रेशन विभाग (यूएससीआयएस) सांगतो. सोबत कारण, दवाखान्याचे कागद, खर्च कोण करणार आणि परत येणार याचा पुरावा जोडायचा. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंतचे दिवस ३ आणि १० वर्षांच्या बंदीच्या हिशोबात धरत नाहीत. मात्र अर्ज नामंजूर झाला की लगेच निघावं, कारण तिथून दिवस मोजायला सुरुवात होते.

पर्यटक व्हिसावर पगारी काम करता येत नाही. ओळखीच्या माणसाच्या दुकानात किंवा मोटेलवर पैसे घेऊन हातभार लावला, तरी तो नियमभंगच.

२०२० चा धडा

कोरोनात हे सगळं अनेक कुटुंबांनी अनुभवलं. भारताने २२ मार्च २०२० पासून परदेशातून येणारी नेहमीची विमानं बंद केली. मुलांकडे गेलेले कितीतरी आई-वडील तिकडेच अडकले. 'वंदे भारत' मोहिमेची विमानं ७ मे २०२० पासून सुरू झाली, पण नेहमीची आंतरराष्ट्रीय सेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. विमान नव्हतं म्हणून अमेरिकेने सगळ्यांची मुदत आपोआप वाढवली नाही, अर्ज करावाच लागला. ज्यांनी वेळेत अर्ज केला ते कायद्याच्या बाजूने सुरक्षित राहिले. उशीर झालेल्यांना कोरोनामुळेच उशीर झाला हे दाखवावं लागलं.

मुलगा तिकडचा नागरिक असेल तर?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेचे नागरिक असतील आणि वय २१ पूर्ण असेल, तर ते आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतात. मुलाकडे फक्त एच-१बी व्हिसा किंवा स्वतःचं ग्रीन कार्ड असेल तर हा अर्ज करता येत नाही.

नागरिक मुलाचे आई-वडील रीतसर व्हिसावर आत आलेले असतील, तर निव्वळ मुदत उलटली म्हणून तिथल्या तिथे ग्रीन कार्डाचा अर्ज अडत नाही. पण १८० दिवस उलटल्यावर मध्येच लग्नकार्यासाठी किंवा पेरणीसाठी गावी आले, तर बंदी लागते. ग्रीन कार्डासाठी ही बंदी माफ करून घ्यायची तर नवरा, बायको किंवा स्वतःचे आई-वडील अमेरिकेचे नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. त्यात मुलगा-मुलगी धरत नाहीत. म्हणून अशा स्थितीत तिकीट काढण्याआधी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यावर जाऊ नये.

इतर देशांत काय?

• कॅनडा : साध्या पर्यटक व्हिसावर साधारण ६ महिने. आई-वडिलांसाठी 'सुपर व्हिसा' वेगळा आहे, त्यावर जुलै २०२२ पासून एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. आरोग्य विमा सक्तीचा. मुदत चुकली तर ९० दिवसांत दर्जा परत मिळवण्याचा अर्ज करता येतो.

• ब्रिटन : पर्यटकाला बहुतेक वेळा जास्तीत जास्त ६ महिने. मुदतीनंतर ३० दिवसांहून जास्त राहून स्वखर्चाने परतल्यास १ वर्ष बंदी.

• ऑस्ट्रेलिया : २८ दिवसांपेक्षा जास्त उलटले तर ३ वर्षं बंदी लागू शकते. व्हिसावर '८५०३' ही अट असेल तर तिथे राहून सहसा मुदत वाढवता येत नाही.

• युरोपातले शेंगेन देश : कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच.

निघण्याआधी आणि गेल्यावर

१. परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. बर्फात विमान रद्द होतं, तब्येत बिघडते. निदान दोन-तीन आठवडे हातात ठेवा.

२. आय-९४ ची तारीख तिकडे आणि इकडे, दोन्ही घरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

३. प्रवास विमा काढा. जुन्या आजारांचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.

४. परत आल्यावर बोर्डिंग पास जपून ठेवा, मुंबईच्या शिक्क्याचा फोटो काढा. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. वेळेत परतल्याचा पुरावा पुढे हाच.

नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी जाण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावं. नातवापाशी आणखी महिनाभर राहावं असं कोणाला वाटणार नाही? पण वेळेत परत आलं तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जाता येतं.